पार्टीला अंडी नेते आहेस ना, मग ऐक

अगं, त्यात एवढं काय घाबरायचं? पॉटलकच्या, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ न्यायच्या पार्टीच्या, कागदावर ‘ॲपेटायझर’च्या रकान्यात नाव लिहिलंस ते चांगलंच केलंस. नवीन ऑफिस, अमेरिकेतला पहिला डिसेंबर, आणि टेबलावर सगळ्यांत आधी जे येतं ते तू आणणार. समोसे न्यावेत, ढोकळा न्यावा की त्यांच्यातलंच काही करावं, असं तू विचारलंस. माझं मत सरळ आहे. डेव्हिल्ड एग्ज कर, म्हणजे उकडून अर्धी कापलेली आणि बलक कालवून परत भरलेली अंडी. आणि या पहिल्या वर्षी ती अगदी त्यांच्या पद्धतीची, साधी आणि चमच्यानं मोजून कर. आपले मसाले या खेपेला डब्यातच राहू देत.

समोशांना माझा विरोध नाही. पण तू ते सकाळी तळणार, पार्टी दुपारी. ऑफिसच्या पँट्रीत मायक्रोवेव्ह एक आणि त्याच्यापुढे रांग. त्यातून निघालेला समोसा मऊ पडतो, आणि तू पार्टीभर त्या यंत्रापाशीच अडकतेस. डेव्हिल्ड एग्ज गारच खातात. बहुतेक काम आदल्या रात्री उरकतं, सकाळी फक्त सारण भरायचं. एका हातात पेला धरून, उभ्या उभ्या, दोन घासांत खाता येतं. काटा नको की सुरी नको. म्हणजे तुला माणसांत उभं राहता येतं, आणि पॉटलकला जायचं ते त्यासाठीच.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हॉटेलांतही आता डेव्हिल्ड एग्ज मिळतात, पण मुळात हा अमेरिकेतल्या घरांमधला पदार्थ. ईस्टरला असतो, थँक्सगिव्हिंगला असतो, ख्रिसमसला असतो, चार जुलैच्या पिकनिकला असतो, चर्चमधल्या जेवणाला असतो. कुणाकडे कोणी वारलं तर त्या घरी पोचवतात त्या जेवणातही असतो. दक्षिणेकडच्या कितीतरी घरांत अंडी मांडायची खास थाळी असते, अंड्याच्या आकाराचे खळगे पाडलेली, आणि ती आजीकडून नातीकडे जाते. त्यामुळे प्रत्येकाच्या जिभेवर याची एक चव पक्की बसलेली असते. कुणाच्या आजीच्या अंड्यात गोड लोणचं असायचं, कुणाच्या घरी मोहरी जास्त, कुणाला वर शिंपडलेल्या पॅप्रिकाशिवाय ते अंडं अपुरं वाटतं. ज्यांच्याशी तू आजवर ‘गुड मॉर्निंग’च्या पलीकडे बोलली नाहीस, ती माणसं या थाळीपाशी आपल्या घराबद्दल बोलायला लागतात. इथल्या किती डिसेंबरांत मी हे पाहिलंय. तू त्यांच्या घरचा पदार्थ मन लावून केलास, हे त्यांना सांगावं लागत नाही, पहिल्या घासाला कळतं. तेच गरम मसाला घालून नेलंस तर लोक कौतुक करतील, एकेक उचलतील, पण आजीची गोष्ट निघायची नाही.

आता ‘मोजून’ का म्हणते ते ऐक. आपल्या घरांत मीठ चिमटीनं पडतं आणि चव घेऊन कमीजास्त होतं. आईनं कधी चमचा सपाट करून मोजल्याचं मला आठवत नाही, आणि तिचं काही बिघडतही नाही, कारण ती चाखते. पण तू मार्गशीर्ष पाळतेस. महिनाभर तुझं अंडं बंद, गुरुवारी तू घट मांडतेस. इथल्या सणांची आणि आपल्या मार्गशीर्षाची गाठ पडतेच. थँक्सगिव्हिंग तर नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारीच असतं, आणि २०२५ साली तोच मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता. म्हणून तुझ्या मनात जी चुळबुळ आहे ती मला कळते. दुसऱ्यांना खाऊ घालायला करतेस, त्यात व्रत मोडतं असं मी मानत नाही. तरी घट मांडलेल्या दिवशी अंड्याला हात लावावासा वाटत नसेल तर लावू नकोस. बुधवारी रात्री सगळं करून फ्रिजमध्ये ठेव, शुक्रवारी सकाळी भर. नैवेद्याची भांडी, मोदकपात्र, पुरणयंत्र, यांतलं काही या कामाला काढू नकोस. मन शांत ठेवून केलेलं बरं. ऑफिसात कुणी ‘तू का नाही खात?’ विचारलं तर सरळ सांग, या महिन्यात मी खात नाही. लोक समजून घेतात, आणि लपवण्यासारखं त्यात काही नाही.

पण मग चाखायचं नाही म्हणजे मापावर भरवसा ठेवायचा. तो ठेवायला शिकवणारी बाई याच देशात होऊन गेली. फॅनी फार्मर तिचं नाव. सोळाव्या वर्षी तिला पक्षाघात झाला, शाळा सुटली, पुढे आयुष्यभर ती लंगडत चालली. तिशीच्या सुमारास बोस्टनच्या पाककला शाळेत विद्यार्थिनी म्हणून गेली आणि काही वर्षांत तिथली मुख्य झाली. १८९६ साली तिनं ‘द बोस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक’ लिहिलं, तेव्हा प्रकाशकाला त्याच्या खपाची खात्री नव्हती. पहिल्या तीन हजार प्रतींचा खर्च तिलाच करावा लागला. त्या पुस्तकानं अमेरिकेतल्या स्वयंपाकघरांना एक शिस्त लावली: कप असो की चमचा, सुरीच्या पाठीनं वरचा भाग सपाट करून मोजायचा. ‘अंड्याएवढं लोणी’, ‘चवीपुरतं मीठ’ अशा जुन्या मापांनी नवशिक्या मुली गोंधळतात, हे तिनं ओळखलं होतं. भरलेल्या अंड्यांचा बलक मेयोनीजमध्ये कालवायची सूचनाही त्याच पुस्तकात आहे. मला या बाईबद्दल फार आदर आहे. परक्या स्वयंपाकघरात एकटीनं उभ्या राहिलेल्या मुलीला मापाचा केवढा आधार असतो, ते इथं आल्यावर मला उमगलं.

तर आता कामाला लागू. अंडी पार्टीच्या एक-दोन दिवस आधी आणायची नाहीत, आठवडाभर आधी आणून फ्रिजमध्ये ठेवायची. अगदी ताज्या अंड्याचं टरफल नीट सुटत नाही. त्याच्याबरोबर पांढऱ्याचे लचके निघतात. ताज्या अंड्याच्या पांढऱ्या भागात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. दिवस जातील तसा तो टरफलाच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर पडतो, पांढऱ्याची अल्कता वाढते, आणि आतल्या पातळ पापुद्र्याशी त्याची असलेली पकड सैल होते. एक खूण सांगते. इथल्या सरकारी प्रतवारीचा शिक्का असलेल्या खोक्याच्या कडेला तीन आकडी संख्या छापलेली असते. ती अंडी भरल्याचा दिवस दाखवते. १ जानेवारी म्हणजे ००१ आणि ३१ डिसेंबर म्हणजे ३६५. तुझी पार्टी २० डिसेंबरला, म्हणजे वर्षाचा ३५४ वा दिवस. तेव्हा ३४० च्या आसपासची संख्या असलेलं खोकं शोध. दुकानात चार खोकी उचलून बघायला लाजू नकोस.

आकार ‘लार्ज’ घे, सगळी मापं त्याच आकारावर बेतलेली असतात. बारा अंड्यांचे चोवीस अर्धे होतात, माणशी दोन धरले तर बारा जणांना पुरतात. उकडताना मात्र चौदा उकड. एखादं चिरतं, एखाद्याचा बलक एका बाजूला सरकतो आणि पांढऱ्याची भिंत पातळ राहते. बलक मधोमध यावा म्हणून बऱ्याच बायका खोकं आदल्या रात्री फ्रिजमध्ये आडवं ठेवतात. पटलं तर कर. उरलेली दोन अंडी घरात खाणारं कुणी असेल त्याच्या नाश्त्याला होतील.

उकडणं हा या पदार्थाचा जीव आहे, तिथे घाई नको. आपल्या घरी गार पाण्यात अंडी घालून मग गॅस पेटवायची पद्धत असते. इथे ती सोडून दे. पाणी हळूहळू तापलं की पांढरा भाग पापुद्र्याला धरून बसतो. पाण्याला आधी खळखळून उकळी आणायची, मग फ्रिजमधून काढलेली गार अंडी झाऱ्यानं एकेक अलगद सोडायची, आच थोडी उतरवायची आणि घड्याळ लावून बारा मिनिटं ठेवायची. वाफेवर केलीस तर आणखी चांगलं. पातेल्यात बोटभर पाणी, वर जाळी, झाकण घट्ट, तेवढाच वेळ. तुझ्याकडे इन्स्टंट पॉट आहे, त्याचं इथल्या बायकांत एक सोपं गणित चालतं: पाच मिनिटं दाबावर, पाच मिनिटं आपोआप वाफ जिरू द्यायची, मग पाच मिनिटं बर्फाच्या पाण्यात. तुझी ती डेन्व्हरची मैत्रीण विचारेल, तिला सांग की तिच्याकडे पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं, तेव्हा दोन मिनिटं वाढव.

बर्फाचं पाणी आधीच तयार हवं. वेळ झाली की अंडी थेट त्यात, आणि मी म्हणेन पाचऐवजी पंधरा मिनिटं. अंडं जास्त शिजलं किंवा गरमच राहू दिलं की बलकाभोवती हिरवट-काळपट कडं येतं. पांढऱ्यातल्या गंधकाचा वायू आणि बलकातलं लोह यांच्या संयोगानं ते तयार होतं. खायला त्यात अपाय नाही, पण सारणाचा रंग मळकट होतो आणि गंधकाचा वास पुढे येतो. या पदार्थात झाकायला रस्सा नाही की मसाला नाही, पिवळा तो पिवळाच दिसायला हवा.

सोलताना अंडं ओट्यावर हलकं आपटून सगळीकडून तडकव आणि बोथट टोकाकडून सुरुवात कर. तिथे हवेची पोकळी असते, नखाला जागा मिळते. वाहत्या पाण्याखाली सोललंस की पापुद्र्यासकट टरफल निघतं. पुसून कोरडी कर. पातळ धारेच्या सुरीनं उभी काप, आणि प्रत्येक वेळी सुरी ओल्या फडक्यानं पूस, नाहीतर पांढऱ्यावर पिवळे फराटे उठतात. बलक बोटानं खालून हलकेच ढकलला की सुटून वाडग्यात पडतो. पांढऱ्या वाट्या कागदी टॉवेलवर पालथ्या घाल, पाणी निथळू दे. ओल्या वाटीत सारण बसत नाही, घसरतं.

बलक काट्यानं चेचून भागत नाही, बारीक जाळीच्या गाळणीतून दाबून काढ. हात भरून येतो, मला माहीत आहे. पण सारण लोण्यासारखं होतं ते इथेच. नुसत्या काट्याच्या सारणात ज्या बारीक गाठी राहतात, त्या पुढे कितीही घोटल्या तरी मोडत नाहीत.

मेयोनीजवर इथली माणसं हिरीरीनं बोलतात. रॉकी पर्वतांच्या पूर्वेला जे हेलमन्स म्हणून विकतात तेच पश्चिमेला बेस्ट फूड्स या नावानं मिळतं. दक्षिणेत ड्यूक्सचा मान मोठा. साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलच्या युजिनिया ड्यूक या बाईंनी १९१७ साली ते लावलेली सँडविचेस विकायला सुरुवात केली, आणि या मेयोनीजमध्ये साखर नसते. तुझ्या ऑफिसात दक्षिणेकडची माणसं असतील तर ड्यूक्स घे, नसतील तर हेलमन्स. मिरॅकल व्हिप त्याच फळीवर असतं, बाटलीही तशीच दिसते, पण ते गोड असतं. काही घरांत तेच चालतं, पण तू पहिल्यांदा करते आहेस तर त्या वाटेला जाऊ नकोस. मोहरीची ती पिवळीधमक बाटली घे. फ्रेंचेसनं ती १९०४ साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात आणली आणि तिचा रंग आपल्या हळदीचा आहे. आपल्या मोहरीसारखी ती नाकात जात नाही, सौम्य आणि आंबट असते, आणि इथल्या आज्यांच्या अंड्याची चव तीच.

बारा बलकांना अर्धा कप मेयोनीज, दोन छोटे चमचे ती मोहरी, दोन छोटे चमचे ॲपल सायडर व्हिनेगर, पाव छोटा चमचा मीठ, पाव छोटा चमचा मिरपूड. सगळं सपाट करून. मेयोनीजमधले दोन मोठे चमचे हातचे राख, सारण कोरडं वाटलं तरच घाल. पातळ झालेलं घट्ट करता येत नाही. गोड लोणच्याचा बारीक चुरा, ज्याला ते रेलिश म्हणतात, दोन मोठे चमचे घातला तरी चालतो, पण आधी मुठीत घट्ट पिळून. माझी पसंती विनारेलिशची आहे. आणि मीठ कुठलं ते बघ. मी साधं बारीक मीठ धरलंय. तुझ्या घरात डायमंड क्रिस्टलचं कोशर मीठ असेल तर त्याचे कण भरड आणि हलके असतात, एका चमच्यात साध्या मिठाच्या जवळजवळ निम्मंच बसतं. चाखणाऱ्याला ते कळतं, तुला कळायचं नाही. घरात न पाळणारं कुणी असेल तर त्याला चव बघायला सांग, पण सारण अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग. गार पदार्थात मीठ कमी लागतं जिभेला, आणि अंडी गारच वाढली जाणार आहेत.

आदल्या रात्री इथेच थांब. पांढऱ्या वाट्या एका डब्यात ओलसर कागदी टॉवेलखाली, सारण झिपवाल्या जाड पिशवीत, आतली हवा काढून. दोन्ही फ्रिजमध्ये. रात्रीच भरून ठेवलंस तर सकाळपर्यंत सारणावर साय धरल्यासारखा पापुद्रा येतो आणि वाट्यांना पाणी सुटतं. सकाळी पिशवीचा एक कोपरा काप आणि मेंदीचा कोन धरतात तशी धरून प्रत्येक वाटीत एक गोल वळसा दे. चोवीस भरायला दहा मिनिटंही लागत नाहीत. सुरेख नक्षी आलीच पाहिजे असं नाही, पण भरताना हात आखडता घेऊ नकोस, सारण वाटीच्या काठाच्या वर आलेलं छान दिसतं.

वरून पॅप्रिका. ती नसेल तर विकत आण, पण तिच्याऐवजी आपलं लाल तिखट टाकू नकोस, काश्मिरी असलं तरी. रंग सारखा दिसतो, आणि इथला माणूस तो रंग बघून गोडसर, सौम्य चव गृहीत धरून अख्खं अंडं तोंडात टाकतो. एखाद्या वयस्कर बाईंना किंवा कुणाच्या लहान मुलाला ठसका लागला तर तुलाच वाईट वाटेल. स्पेनची धुरावलेली पॅप्रिका मला आवडते, तिला लाकडाच्या धुराचा वास असतो. पण पहिल्या वर्षी साधी, गोड. चिमटीत धरून हात उंच ठेवून शिंपड, म्हणजे एकसारखी पडते.

नेताना अंडी घसरतात, ही खरी डोकेदुखी. प्रत्येक वाटीच्या पाठीचा इतकुसा काप काढला की ती स्थिर बसते. किंवा डब्यात पार्स्लीची, नाहीतर कोथिंबिरीची जुडी पसर आणि त्यावर मांड. खळगे असलेली थाळी हवी असेल तर नवी घेऊ नकोस, जुन्या वस्तूंच्या दुकानात, गुडविलसारख्या ठिकाणी, काचेच्या सुंदर थाळ्या थोडक्यात मिळतात. डबा बर्फाच्या पाकिटांवर ठेवून गाडीत पायांशी ठेव. डिकीत बाहेरची थंडी फुकट मिळते असं वाटतं, पण पारा शून्याखाली असेल तर पांढरा भाग गोठतो, आणि वितळल्यावर तो रबरासारखा चिवट आणि पाणचट होतो.

आणि वेळेवर पोच. हे मी मोठी बहीण म्हणून बजावून सांगते. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमाला सातचे आठ झाले तरी कुणी काही म्हणत नाही. ॲपेटायझर आणणारी उशिरा आली तर लोक रिकाम्या टेबलाभोवती उभे असतात. साडेअकरा म्हणजे सव्वाअकराला तुझी थाळी मांडलेली हवी.

मांडताना निम्मीच मांड, उरलेली पँट्रीच्या फ्रिजमध्ये ठेव आणि मधे एकदा भर घाल. इथल्या कृषी खात्याचा नियम आहे, असे पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवायचे नाहीत. तो पाळ. दोन तास टेबलावर राहिलेलं उरलं तर टाकून द्यायचं, डब्यात भरून घरी आणायचं नाही. अन्न टाकायला आपला हात धजत नाही, म्हणून तर निम्मी मांडायची. शेजारी एक छोटी चिठ्ठी ठेव: अंडं, मोहरी, मेयोनीजमध्ये सोयाबीन तेल. अंडं आणि सोया या दोहोंची ॲलर्जी असणारी माणसं असतात, त्यांना तुला विचारत बसायला नको. तुमच्यात अंडं न खाणारं आणखी कुणी असेल, मार्गशीर्षामुळे किंवा एरवीही, तर त्यांच्यासाठी वेगळ्या थाळीत बटाटे कर. छोटे बटाटे उकडून अर्धे करायचे, थोडे कोरायचे, कोरलेला गर चक्क्यात कालवून तीच मोहरी आणि मिरपूड घालून परत भरायचा. वर पॅप्रिका. ते तुलाही खाता येतील, आणि हातात काहीच नाही असं होणार नाही तुझं.

पार्टी झाल्यावर थाळी धुऊन, रिकामी परत मिळेल. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, निदान साखर तरी घालतात. इथे तशी रीत नाही, त्याचा अर्थ लावत बसू नकोस. आणि कृती मागायला कुणी ना कुणी येईलच. तेव्हा ‘अंदाजानं करते’ असं म्हणू नकोस, मापं लिहून दे.

पुढच्या वर्षीचं विचारलंस म्हणून सांगते. तोवर त्या माणसांना तुझ्या हातची साधी चव माहीत झालेली असेल, मग आपलं आण, अवश्य आण. कोथिंबीर परकी वाटेल अशी शंका मनात असेल तर ती काढून टाक. तेराव्या शतकातल्या अंदालुसियाच्या, म्हणजे मुसलमानी अमदानीतल्या स्पेनच्या, एका पाककृतिसंग्रहात भरलेल्या अंड्यांची कृती आहे. त्यात बलकात हिरवी कोथिंबीर, कांद्याचा रस, मिरी आणि धने घालून कुटतात, आणि भरलेलं अंडं बारीक काडीनं टोचून बंद करतात. मेयोनीजच्या कितीतरी आधी भरलेल्या अंड्यात कोथिंबीर होती. तेव्हा माप हेच ठेव, बाटलीतली मोहरी निम्मी कर, बारीक चिरलेली कोथिंबीर दोन मोठे चमचे आणि बी काढलेली एक हिरवी मिरची अगदी बारीक चिरून घाल. व्हिनेगरऐवजी लिंबू. पॅप्रिकाच्या जागी प्रत्येकावर चार-सहा थेंब फोडणी: तेलात मोहरी तडतडू दे, हिंग टाक, कढीपत्ता कुरकुरीत तळून हातानं चुरून घाल, अख्खं पान दाताखाली चिवट लागतं. फोडणी पूर्ण गार झाल्यावरच घाल, गरम पडली तर मेयोनीज फुटून तेल सुटतं. आणि त्या वर्षी चिठ्ठीवर हिरवी मिरची लिहायला विसरू नकोस.